डोक्यावरचे ऊन आणि टोपीचा काठ

वैशाख सरत आला की पारशिवनीच्या बाजारात खरिपाची लगबग सुरू होते. बियाण्यांच्या पिशव्या आणि खतांची पोती गोदामांत उतरू लागतात, आणि नेमका त्याच दिवसांत नवतपा येतो. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. मेच्या शेवटच्या आठवड्यातच या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. टोपी निवडताना पहिला विचार करावा तो सूर्याच्या या स्थितीचा.

सूर्य माथ्यावर असताना टोपीचा आडवा, रुंद काठ सर्वांत उपयोगी पडतो. चेहरा, कान आणि मान या तिन्हींवर त्याची सावली पडते. त्यासाठी काठ सभोवार निदान तीन इंच रुंद असावा. सकाळी आठ-नऊ वाजता किंवा दुपारी चारनंतर मात्र किरणे तिरपी येतात आणि काठाखालून गालावर, मानेवर पोहोचतात. तेव्हा मान व कान झाकणारे कापडच कामी येते. विहारात साधू-साध्वींसोबत सकाळी चालणाऱ्या श्रावक-श्राविकांनी हे लक्षात ठेवावे.

या कसोटीवर नेहमीची शिरोभूषणे तपासून पाहावीत. पांढरी खादीची टोपी टाळू झाकते. नाक, कान, मान उघडीच राहतात. क्रिकेटची कॅप कपाळ व नाक सांभाळते, पण कान आणि मानेसाठी काही करीत नाही. विदर्भात डोक्याला व कानांना गुंडाळला जाणारा सुती दुपट्टा कान, मान, गाल सारे झाकतो. डोळ्यांवर मात्र त्याची सावली पडत नाही. म्हणून भर उन्हात उभे राहायचे असेल तर दुपट्टा आणि त्यावर काठाची टोपी ही जोडी उत्तम.

कापडाची परीक्षा सोपी आहे. टोपी उजेडासमोर धरावी. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसले तर तितकेच ऊनही आत येणार. गवताच्या सुरेख टोप्या आणि झिरझिरीत ओढण्या या परीक्षेत बहुधा मागे पडतात. टोपीवर ‘यूपीएफ ५०’ असे लिहिले असेल, तर अतिनील किरणांचा पन्नासावा भागच त्या कापडातून आत येतो असा त्याचा अर्थ. वरचा रंग फिका असावा, म्हणजे टोपी कमी तापते. काठाची खालची बाजू गडद असावी, म्हणजे जमिनीवरून परावर्तित होणारा उजेड चेहऱ्यावर कमी येतो. आतली घामाची पट्टीही उलटून पाहावी. पुष्कळ टोप्यांत ती चामड्याची असते, आणि नमद्याच्या टोप्या लोकरीच्या किंवा सशाच्या केसांच्या असतात. अहिंसेचा विचार करणाऱ्या घरात सुती टोपीच घ्यावी. ती धुताही येते.

कोलितमारा प्रवेशद्वारातून पेंचच्या जंगलात उघड्या जिप्सीने जाणाऱ्यांनी हनुवटीखाली दोरी असलेली टोपी घ्यावी. लहान मुलांच्या टोपीची दोरी मात्र ओढताच सुटणारी हवी. खेळताना ती कुठे अडकली तर गळ्याला फास बसू नये.

टोपी किरणे अडवते, उष्माघात नव्हे. कोरड्या हवेत टोपीखाली ओला रुमाल ठेवल्यास पाणी उडताना डोके गार होते; पावसाळी दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. वरचे पांढरे सुती कापडच ओले केले तर त्यातून किरणे अधिक आत येतात, म्हणून ओला रुमाल टोपीच्या आतच असावा.

व्यापारी घराने आणखी एक हिशेब करावा. गादीवर बसणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर असते. उन्हात असतो तो हमाल, उघड्यावर काट्याजवळ उभा असलेला माणूस आणि दुचाकीवरून माल पोहोचवणारा मुलगा. डोक्यावर पोते घेणाऱ्याला काठाची टोपी आड येते. त्याला जाड सुती दुपट्टा द्यावा. काट्याजवळच्या माणसाला रुंद काठाची टोपी द्यावी. दुचाकीवाल्याला हेल्मेटच्या आत घालायला पातळ सुती रुमाल आणि मानेवरून घ्यायला जाड दुपट्टा लागतो. घरच्या मंडळींसाठी खरेदी होईल तेव्हा याही वस्तू त्याच यादीत असाव्यात. मात्र टोपी दिली म्हणून भर दुपारी ट्रक रिकामा करून घेणे योग्य ठरत नाही. ते काम सकाळी अकराच्या आत किंवा ऊन उतरल्यावर ठेवावे, आणि मालाशेजारी पाण्याचा माठ भरलेला असावा. काम करता करता कोणी बरळू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.