सलाईनच्या आधीचा उपचार

पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की दवाखान्यात पहिली मागणी होते ती सलाईनची. बाटली लागली म्हणजेच उपचार सुरू झाले, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण दवाखाना गाठेपर्यंतच्या तासांत, जुलाब वाढतील या भीतीने, अनेक घरांत रुग्णाचे पाणीच तोडले जाते. हे जिवावर बेतू शकते. कॉलऱ्यात माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने घटल्यामुळे.

१९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि ते पाणी पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आले. जुलाब चालू असतानाही आतडी साखरेसोबत मीठ शोषून घेतात आणि त्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते, हे त्यामागचे शास्त्र. नुसते पाणी म्हणूनच पुरे पडत नाही.

घरी करायचे ते एवढेच. याच मिश्रणाचे, म्हणजे जलसंजीवनीचे (ओआरएस) पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे करावे. उरलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा ५ मिलिलिटरचा. मीठ अंदाजाने घालू नये, जास्त झाले तर अपाय होतो. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि पेज, मऊ भात चालू ठेवावा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नयेत.

घरच्या शुश्रूषेची मर्यादाही तितकीच नीट ओळखायला हवी. डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसले, पाणी पोटात ठरेना किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर दवाखान्यात न्यायला क्षणभरही थांबू नये. तिथे सलाईन जीव वाचवू शकते. नेतानाही, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, वाटेत पाजणे चालू ठेवावे.

साथ आल्यावर पाकिटे वाटण्यापेक्षा ती पावसाळ्याआधीच घरोघर पोहोचली पाहिजेत आणि आशा सेविकेने ती प्रत्येक घरात एकदा कालवून दाखवली पाहिजेत. बनगावात हे पाणी पाजणारे हात घरच्यांचेच होते. ते शिकवून तयार ठेवणे हे आरोग्ययंत्रणेचे काम आहे, आणि ते साथीच्या आधीच व्हायला हवे.