मुहूर्त, वारा आणि किनारा : नवदंपतीनें मॉरिशसला कोठें उतरावें?

लग्न झालें, सत्यनारायण झाला, कुलदैवताचें दर्शन झालें, म्हणजे नवदंपतीस आठ दिवस बाहेर पाठविण्याची रीत आतां मध्यम स्थितीच्या घरांतूनहि रुळली आहे. पूर्वीं महाबळेश्वर आणि माथेरान हीं दोनच नांवें निघत. अलीकडे समुद्रापलीकडील बेटांचीं नांवें निघतात, आणि त्यांत मॉरिशसचें नांव पुष्कळदां पुढें असतें. तें अयोग्य नाहीं. मुंबईहून थेट विमानानें सुमारें सहा तासांत तेथें पोंचतां येतें, आणि आपल्या जिभेस परकें वाटणार नाहीं असें अन्न मिळतें. परंतु ‘मॉरिशसला जावयाचें’ एवढें ठरलें म्हणजे सर्व ठरलें, ही समजूत मात्र खरी नव्हे. बेटाची लांबी सुमारें ६५ किलोमीटर व रुंदी सुमारें ४५. पण एवढ्याशा भूमीच्या चार बाजू चार स्वभावांच्या आहेत. त्यांपैकीं कोणत्या बाजूस उतरावें हा प्रश्न खोलीच्या भाड्याच्या आधीं सोडवावयाचा असतो, आणि बहुधा तोच कोणी विचारीत नाहीं.

सामान्यतः काय घडतें, तें वाचकांस ठाऊक आहे. घरांतील कोणी हौशी काका किंवा मेहुणा मोबाइलवर एक चित्र पाहतो: निळें पाणी, पांढरी वाळू, दोन खुर्च्या. भाड्यांत सूट असते. ती उद्यां संपणार असते. पैसे भरले जातात. जुलै महिना असतो आणि हॉटेल नेमकें पूर्व किनाऱ्यावर असतें. चित्रांत वारा दिसत नाहीं! तेथें पोंचल्यावर त्या दोन खुर्च्यांवर शाल पांघरून बसावें लागतें, पाणी गार व खळबळलेलें असतें, आणि ज्यांची ओळख अजून महिन्याभराचीहि नाहीं अशीं दोन माणसें दिवसभर खोलींत अडकून पडतात. ‘तुमच्या काकांनीं निवडलें’ आणि ‘तुलाच समुद्र हवा होता’ हीं दोन वाक्यें एकदां उच्चारलीं गेलीं, कीं तीं त्या आठ दिवसांपुरतीं राहत नाहींत. म्हणून या महिन्यांत हा विषय जरा विस्तारानें घेतला आहे.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस, विसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळें तेथील ऋतु आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उष्ण व दमट, आणि मे ते ऑक्टोबर हा थंड व बराचसा कोरडा. वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात; जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांचा जोर अधिक असतो. हे वारे प्रथम पूर्व व दक्षिण किनाऱ्यास भिडतात, मधल्या पठारावर चढतांना पाऊस टाकतात, आणि पश्चिमेस उतरतात तेव्हां पुष्कळसे कोरडे झालेले असतात. महाबळेश्वरीं धो धो पाऊस पडत असतां फलटणाकडे आभाळ नुसतें भरून येतें, हें आपण पाहतोंच. तोच न्याय दिशा उलटवून येथें लावावा, म्हणजे बेटाचा स्वभाव ध्यानांत येईल.

आतां आपल्या पंचांगाकडे वळूं. मुहूर्त महिना ठरवितो. महिन्यावरून वाऱ्याचा अंदाज येतो. आणि वारा पाहून किनारा निवडावयाचा. तुळशीचें लग्न झाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरांत ज्यांचें शुभमंगल होतें, त्यांस तेथें उन्हाळ्याचा आरंभ सांपडतो. समुद्र ऊबदार होत असतो, पावसाचा भर अजून यावयाचा असतो. अशा वेळीं कोणताहि किनारा चालेल, आणि पूर्वेकडील वाऱ्याची झुळूक तर हवीशीच वाटेल. वैशाखांतील लग्नें म्हणजे एप्रिल-मे. पाऊस ओसरत असतो आणि पाण्यांतील ऊब टिकून असते. हाहि काळ उत्तम. ज्यांस रजा जून ते ऑगस्टमध्येंच मिळते, त्यांनीं मात्र पश्चिम किंवा वायव्य किनाऱ्याखेरीज दुसरीकडे पाहूं नये.

राहिले जानेवारी ते मार्च. हे चक्रीवादळांचे मुख्य महिने. प्रत्येक वर्षीं वादळ बेटावर येतेंच असें नाहीं. पण जानेवारी २०२४ मध्यें ‘बेलाल’ नांवाच्या वादळानें राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून पुराचें पाणी वाहिलें, हें विसरतां येत नाहीं. तेथें वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. वरच्या वर्गाचा इशारा झाला कीं दुकानें व वाहतूक बंद होऊन सर्वांस घरांत बसावें लागतें. माघ-फाल्गुनांतच निघावयाचें असेल तर वादळ आल्यास खोलीचे पैसे परत मिळतील कीं तारीख बदलून मिळेल, हें लेखी घ्यावें. शक्य असेल तर प्रवास दोन महिने पुढें ढकलावा. मधुचंद्रास मुहूर्त लागत नाहीं!

आतां एकेक किनारा पाहूं. उत्तरेस ग्रां बे हें गजबजलेलें गांव आहे: दुकानें, उपाहारगृहें, जवळच्या लहान बेटांकडे नेणाऱ्या शिडाच्या नावा. ज्या जोडप्यास सायंकाळीं पायीं भटकावयास आवडतें, त्यास हें ठिकाण मानवेल. जवळच वायव्येस त्रू ओ बिश आणि मों श्वाझी येथील किनारे त्याहून शांत, आणि पाणी सहसा संथ असतें. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोंकाकडे असल्यामुळें येथें यावयास तासाहून अधिक वेळ लागतो, आणि पोर्ट लुईजवळ सकाळ-सायंकाळ वाहनांची दाटी असते.

पश्चिमेस फ्लिक आं फ्लाक आणि तामारां. सर्वांत कोरडी बाजू हीच, आणि सूर्यास्त पहावा तर येथेंच. उन्हाळ्यांत उकाडा मात्र येथें अधिक जाणवतो. नैर्ऋत्य टोंकास ल मॉर्न हा डोंगर समुद्रांत पाय रोवून उभा आहे. गुलामगिरीच्या काळांत पळून आलेल्या गुलामांनीं त्याच्या कड्याकपारींत आश्रय घेतला होता. २००८ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. देखावा अप्रतिम, पण या टोंकास वळसा घालून वारा जोरानें येतो. पतंगाच्या ओढीनें फळीवरून लाटा कापणारे खेळाडू येथेंच कां जमतात, याचें उत्तर त्या वाऱ्यांत आहे. नकाशावर पश्चिमेस दिसतें म्हणून हें ठिकाण निवांत असेल, असें समजूं नये.

पूर्वेस बेल मार येथें शुभ्र वाळूचा लांबच लांब किनारा आहे. गर्दी कमी, हॉटेलें मोठीं, पहांट सुरेख. जवळच्या त्रू दो दूस गांवाहून इल ओ सेर्फ या लहान बेटाकडे नावा जातात. नोव्हेंबर-डिसेंबरांत येथें उतरणाऱ्यास पश्चात्ताप होणार नाहीं. आग्नेयेस ब्लू बे विमानतळानजीक असून तेथील प्रवाळ कायद्यानें संरक्षित आहे. पहिल्या किंवा शेवटच्या रात्रीस सोयीचें. अगदीं दक्षिणेस ग्री ग्री येथें मात्र बेटाभोंवतींची प्रवाळाची भिंत खंडित आहे, आणि समुद्र सरळ कड्यावर आदळतो. तें दृश्य जरूर पहावें, पण पाण्यांत उतरूं नये.

किनारा ठरला कीं मग घर. मोठ्या हॉटेलांत बहुधा न्याहारी व रात्रीचें जेवण भाड्यांत धरलेलें असतें. ज्यांस दिवसभर फिरावयाचें आहे त्यांस हें पुरे. तिन्ही वेळचें जेवण आधीं विकत घेतलें म्हणजे त्या पैशांसाठीं दुपारीं परत यावें लागतें. शाकाहाराची सूचना खोली ठरवितांनाच द्यावी. बाहेर रस्त्यावर डाळ भरलेली मऊ पोळी घेवड्याच्या रश्शाबरोबर मिळते. तिला तेथें डाळपुरीच म्हणतात. ज्यांस स्वतः चहा-पोहे करावयाची हौस आहे, त्यांनीं स्वयंपाकघर असलेलें लहान घर भाड्यानें घ्यावें. हॉटेलच्या ‘खासगी किनाऱ्या’साठीं जादा दाम मोजूं नयेत, भरतीच्या रेषेखालील वाळू तेथें सर्वांची आहे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: दक्षिण गोलार्धांत हिंवाळ्यांतील सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणून जून-जुलैंत उत्तरेस किंवा पश्चिमेस तोंड असलेली गच्ची मागावी. सात रात्रींसाठीं दोन मुक्काम करूं नयेत. बेट एवढें लहान आहे कीं एका जागेहून मोटारीनें कोठेंहि जाऊन रात्रीं परततां येतें.

तेथें आपली माणसें नाहींत, असेंहि समजूं नये. २ नोव्हेंबर १८३४ पासून करारबद्ध मजूर भारतांतून या बेटावर येऊं लागले. ते ज्या धक्क्यावर उतरले तें पोर्ट लुईचें आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांत मुंबई इलाख्यांतून गेलेले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी म्हणवितात, आणि गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. एक सकाळ त्या घाटासाठीं राखून ठेवावी. ज्या समुद्रापाशीं आपण विश्रांतीस जातों, त्याच समुद्रावरून ते पोटासाठीं आले, हें नव्या संसाराच्या आरंभीं ठाऊक असलेलें बरें.

शेवटची गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांस. पैसे आपण द्यावेत, सल्ला द्यावा, हा लेखहि वाचावयास द्यावा. पण किनारा त्या दोघांस निवडूं द्यावा. एकत्र कुटुंबांत नव्या सुनेस पहिलीं कांहीं वर्षें स्वतंत्र निर्णयाचे प्रसंग फारसे येत नाहींत, आणि मुलासहि तिचें मत विचारण्याची संवय नसते. तिला गर्दी आवडते कीं एकांत, त्याला पोहतां येतें कीं पाण्याची भीति वाटते, दिवसाला किती खर्च करावयाचा, हे प्रश्न त्यांनीं निघण्यापूर्वीं एकमेकांस विचारावेत. उत्तरें जुळलीं नाहींत तरी चिंता नको. तडजोड करण्यास ग्रां बे आणि त्रू ओ बिश यांमधील अंतर अगदीं थोडें आहे. निवड थोडी चुकली तरी ती दोघांची असेल, आणि दोघांची चूक सोसणें सोपें जातें.

आणि तेथें घड्याळ आपल्याहून दीड तास मागें असतें, हेंहि घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें. येथें निजानीज करून दहा वाजतां आपण खुशाली विचारावयास फोन लावतों, तेव्हां तेथें साडेआठ झालेले असतात आणि तीं दोघें नुकतीं जेवावयास बसलेलीं असतात. खुशाली सकाळीं विचारावी.