गृहोद्योग : तुटलेल्या तारेनें काय सांगावें?

रत्नागिरीस शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्स अकॅडमी आहे. तेव्हां एकत्र कुटुंबांत एखादा मुलगा किंवा मुलगी यंत्रविद्या शिकत असणें आतां नवलाचें राहिलें नाहीं. अशांच्या हौसेनें संगणकाच्या आज्ञेबरहुकूम लांकूड कोरणारें लहानसें सी.एन.सी. यंत्र पडवींत येऊन बसतें. १९१० सालच्या थिबा राजवाड्याच्या अर्धवर्तुळाकृति खिडक्यांवरील नक्षी पाहिली म्हणजे फणसाच्या फळीवर आपणहि कांहीं कोरावें असें कोणास वाटणार नाहीं? यंत्राचे भाग जोडणें फारसें अवघड नाहीं. अवघड आहे तें त्याला आपली आज्ञा नीट समजावून देणें.

१९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांत असलें यंत्र प्रथम दाखविण्यांत आलें, तेव्हां त्याचें नियंत्रक खुद्द यंत्राहून अधिक जागा व्यापीत होतें. आज तें काम तळहाताएवढी आर्डुइनोची पाटी करते. तीवर बहुधा जीआरबीएल नांवाची आज्ञावली घालतात. ती २००९ च्या सुमारास नॉर्वेमध्यें लिहिली गेली व सर्वांस विनामूल्य आहे. संगणकानें 'इतके मिलिमीटर सरक' म्हटलें कीं ही पाटी पांच व्होल्टचे ठोके सोडते. एका तारेंतून पाऊल, दुसरींतून दिशा. एका ठोक्यास एक पाऊल.

एका मिलिमीटरास किती ठोके, हा हिशेब मात्र मालकानें सांगावयाचा असतो. नेहमींची स्टेपर मोटर एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. ए-४९८८ या ड्रायव्हरचे तिन्ही जंपर लावले असतां प्रत्येक पावलाचे १६ भाग होतात, म्हणजे फेऱ्यास ३,२०० ठोके. (त्याच्या जागीं डीआरव्ही-८८२५ बसविला तर तेच जंपर ३२ भाग करतात, बाजारांत दोन्ही शेजारीं शेजारींच मिळतात!) चार मुखांच्या सामान्य स्क्रूचे दोन आटे २ मिलिमीटर अंतरावर दिसतात, परंतु एका फेऱ्यांत त्यावरील नट ८ मिलिमीटर पुढें जातो. म्हणून ३,२०० ला ८ नें भागावें, उत्तर ४००. जो आटे मोजून २ नें भागील तो १,६०० लिहील, आणि १०० मिलिमीटर सरकण्याची आज्ञा देतांच यंत्र ४०० मिलिमीटर धांवूं पाहील. तीनशेंच्या पाटावर याचा अर्थ काय तें सांगावयास नको. हिशेब बरोबर असून फूटपट्टीवर १०० चे ९८ भरले, तर आंकडा फुगवून वेळ मारून नेणें आम्हांस पसंत नाहीं. कोठेंतरी स्क्रू सैल आहे, तो शोधावा.

आतां मुख्य गोष्ट. ही मोटर हुकूम ऐकते, पण पाळला कीं नाहीं हें परत कळवीत नाहीं. मध्येंच अडकली तरी पाटी ठोके मोजीतच राहते. हद्द आल्याची बातमी देणारा लिमिट स्विच तेवढा खरा. तो दोन प्रकारें जोडतां येतो : दाबल्यावर जुळणारा, किंवा एरव्हीं जुळलेला असून दाबल्यावर सुटणारा. पहिल्या जोडणींत तार तुटली तर यंत्रास वाटतें कीं सारें क्षेम आहे. दुसरींत तार तुटणें आणि हद्द येणें यांची खूण एकच, आणि यंत्र थांबतें. आमच्या खाऱ्या, दमट हवेंत एका पावसाळ्यांत तांब्याचीं टोंकें हिरवीं पडतात. येथें दुसरीच जोडणी हवी. त्यासाठीं जीआरबीएलमध्यें '$५' या कलमास १ ही किंमत द्यावी, आणि '$२१' लाहि १ देऊन हद्दींचा पहारा सुरू करावा.

हा पहारा कधीं कधीं उगाचच ओरडतो. कोरणाऱ्या मोटरची तार शेजारून गेली कीं तिची गडबड स्विचच्या तारेंत उतरते. पुष्कळजण कंटाळून पहाराच बंद करतात. तें सर्वस्वीं अयोग्य होय. तारा दूर ठेवाव्या, आवरण असलेली तार घेऊन तें आवरण एकाच टोंकास जमिनीशीं जोडावें, व पाटीपाशीं ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावावा.

तांबडें थांबा-बटन मात्र आज्ञावलीच्या भरंवशावर सोडूं नये. त्यानें कोरणाऱ्या मोटरची वीजच तुटली पाहिजे, तीहि अशा कॉन्टॅक्टरमधून कीं वीज जाऊन परत आली तरी हात लावल्यावांचून पातें फिरूं नये. पावसाळ्यांत आपल्याकडे वीज किती वेळां जाते-येते हें गृहिणींस अधिक ठाऊक.

पातें चढविण्यापूर्वीं यंत्र सावकाश चालवून स्विचची तार मुद्दाम उपटून पाहावी. तें तत्काळ थांबलें पाहिजे. मग घरांतील सर्वांस, स्वयंपाकघरांतून क्वचितच तिकडे येणाऱ्या आजींसहि, तें तांबडें बटन दाखवून एकेकदां प्रत्यक्ष दाबावयास लावावें.