गोरिलाच्या रकान्यात बुद्धी किती लिहावी?

शनिवारी संध्याकाळी वंदना आणि जेवण आटोपले की आमच्या टौरंगातील घराच्या टेबलावर ताटांच्या जागी फासे येतात. माझी अकरा वर्षांची मुलगी, साडूंचा तेरा वर्षांचा मुलगा आणि आपल्याच गटातील दोन घरांची मुले अशी आमची मंडळी असते. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो प्रथम प्रसिद्ध केला. ज्या पालकांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो, सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे काय करायचे ते ठरवतात आणि ते साधले की फसले याचा निकाल वीस पैलूंचा फासा देतो. सूत्रधार मी.

मुलांनी या वेळी घनदाट जंगलाचा प्रदेश निवडला. त्या जंगलात राहते कोण, असे विचारताच साडूंचा मुलगा म्हणाला, “माणसांसारखी माकडं, काका. भाले घेऊन अंगावर येतील. माकडंच आहेत, मारली तरी चालतील.” मी फासा हातातच धरून ठेवला आणि त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबवला. मुले हिरमुसली. पोरकट वाक्यावर एवढे काय, असे सौभाग्यवतींनाही वाटले.

पण मला माझी शाळा आठवली होती. स्नेहसंमेलनात रामायणावर नाटक बसवले होते. राजपुत्र कोण, ऋषी कोण हे आधीच ठरलेले होते. वानर आणि राक्षस मात्र आमच्या वस्तीतून निवडले गेले. मला काथ्याची शेपूट मिळाली होती. ती मला फार आवडली होती, हेही खरे. तिचा अर्थ लागायला पुढे कॉलेजात जावे लागले.

तेव्हा पुढच्या शनिवारपर्यंत मी नियमपुस्तके काढून बसलो. या खेळात प्रत्येक जिवाचे एक गुणपत्रक असते. शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व असे सहा रकाने. सामान्य माणसाला प्रत्येक रकान्यात साधारण १०. नियमांच्या २०१४ च्या आवृत्तीत ‘एप’ या प्राण्याचे पत्रक असे आहे : शक्ती १६, शहाणपण १२, बुद्धी ६. एका खेपेला दोन ठोसे मारणे किंवा दूरवर दगड फेकणे, एवढेच त्याचे काम. त्याच पुस्तकात लांडग्याची बुद्धी ३ आणि ओगर नावाच्या दांडग्या नरभक्षक राक्षसाची ५ आहे. म्हणजे एप हा ओगरहून हुशार; पण ओगरला दोन भाषा येतात आणि एपला एकही नाही. हे कोष्टक पाहताना मला हसू आले, आणि मग ते ओसरले. रकाना रिकामा ठेवता येत नाही. कोणीतरी आकडा लिहितो आणि पुढचे सगळे जण त्याच आकड्याने खेळतात.

आपल्या भाषेची अडचण आणखी वेगळी. काळ्या तोंडाचे ते वानर, लाल तोंडाचे ते माकड, इतका भेद गावाकडे कोणीही करतो. पण बिनशेपटीच्या गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान या मंडळींसाठी रोजच्या वापरातला मराठी शब्द नाही. कारण साधे आहे : महाराष्ट्रात ती नाहीतच. भारतात बिनशेपटीचा असा एकच प्राणी आहे, ईशान्येकडचा हूलॉक गिबन. आसामात जोरहाटजवळचे होलोंगापार अभयारण्य त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. पुस्तकी मराठीत यांना मानवसदृश कपी म्हणतात. मी येथे नुसते कपी म्हणतो.

गोरिलाचे शास्त्रीय वर्णन युरोप-अमेरिकेने प्रथम १८४७ मध्ये वाचले. १८६१ मध्ये पॉल द्यु शायू या प्रवाशाचे पुस्तक आले आणि गोरिला म्हणजे छाती बडवत माणसावर चालून येणारा नरकातला जीव, ही प्रतिमा पक्की झाली. १९३३ चा ‘किंग काँग’ तिचेच अपत्य. पीटर जॅक्सन यांनी २००५ मध्ये तो चित्रपट आपल्याच न्यूझीलंडमध्ये नव्याने केला, तेव्हा काँगची भूमिका करणारा अभिनेता अँडी सर्किस खरे गोरिला पाहायला रवांडात जाऊन आला. त्या काँगच्या डोळ्यांत जो थकवा दिसतो तो कदाचित तिथून आला असेल.

प्रत्यक्षात गोरिला पाला, देठ आणि फळे खातो, रोज रात्री नवे अंथरूण रचतो. रवांडातील पहाडी गोरिलांवरचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नराचे शरीर जितके मोठे, तितका छाती बडवण्याचा नाद खर्जातला. म्हणजे तो आवाज ऐकून समोरच्याने अंदाज घ्यावा आणि लढाई न होताच निघून जावे, अशी सोय आहे. मी पत्रकातील ‘दोन ठोसे’ खाली ढकलले आणि वर लिहिले : प्रथम छाती बडवतो, मागे सरकलात तर तोही वळतो.

दगडांची गोष्ट तर पुस्तकाहून सरस निघाली. स्वीडनमधील फुरुविक प्राणिसंग्रहालयात सांतिनो नावाचा चिंपांझी सकाळी, प्रेक्षक येण्यापूर्वी, शांतपणे दगड वेचून ठेवी आणि नंतर ते लोकांवर भिरकावी. ही नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. दुपारच्या रागाची तयारी सकाळी करणे, याला मी बुद्धी ६ कशी देऊ? कपींना साधुपुरुष करण्याचाही माझा आग्रह नाही. जेन गुडॉल यांनी १९६० पासून ज्यांचा अभ्यास केला त्या गोंबेच्या चिंपांझींनी १९७४ ते १९७८ या काळात आपल्यातून फुटून निघालेल्या शेजारच्या गटातील नर एकेक करून ठार केले. तेही पत्रकात आले पाहिजे.

इथवर प्राण्याचे झाले. खरी अडचण ‘माणसांसारखी माकडं’ या शब्दांत होती, आणि ती खेळ रचणाऱ्या कंपनीलाही चुकलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ‘स्पेलजॅमर’ या संचात हॅडोझी नावाचे कपिसदृश लोक होते. त्यांची पूर्वकथा अशी की एका जादूगाराने त्यांच्या पूर्वजांना पकडले, औषध पाजून बुद्धिमान केले आणि विकण्यासाठी तयार केले. पुढे त्याच्याच शिष्यांच्या मदतीने ते सुटले. कृष्णवर्णीय खेळाडूंनी विचारले, ही कोणाची गोष्ट आहे? दोन-तीन आठवड्यांत कंपनीने माफी मागून तो मजकूर काढून टाकला.

हे अतिसंवेदनशीलतेचे लक्षण आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांत आपलेही काही मित्र. त्यांना मी ओटा बेंगाची आठवण देतो. काँगोतून आणलेल्या या तरुणाला सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या दालनात, ओरांगउटानसोबत लोकांपुढे ठेवले होते. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी विरोध केला तेव्हा ते थांबले. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते याच शहरात. आणि त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. त्या ग्रंथात मासा, कासव, डुक्कर या अवतारांच्या कथा उलगडून त्यांमागे हाडामांसाची माणसे आणि त्यांच्या लढाया शोधल्या आहेत. हॅडोझीच्या कथेत गुलाम स्वतःहून सुटत नाहीत, हे जोतीरावांच्या वाचकाला लगेच खटकले असते.

याच खेळाच्या २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्क जमातीचे पात्र घेतले की बुद्धीतून २ वजा होत. जन्मानेच. पुढे ती वजाबाकी रद्द झाली आणि २०२४ च्या नियमांत ‘रेस’ हा शब्दच गेला. नियम लिहिणाऱ्यांना हे उमजायला पन्नास वर्षे लागली. आपल्याकडच्या एका जुन्या नियमपुस्तकाच्या मानाने हा वेग बराच म्हणायचा.

म्हणून आमच्या टेबलावर आता दोन वेगळे कागद आहेत : एक प्राण्यांचा, एक लोकांचा. कपी प्राणी म्हणूनच येतील आणि कोणत्याही लोकांना कपीचे तोंड मिळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन भिन्न गोष्टी एकाच क्लासमध्ये कोंबल्या की पुढचे सारे दोष वारशाने उतरतात, येथेही तेच. मुलांनी मग मौआओ डोंगराच्या कथेतले पातुपाइआरेहे, म्हणजे रात्री वावरणारे अद्‌भुत लोक, खेळात शत्रू म्हणून घेऊ का, असे विचारले. ती कथा इथल्या माओरींची आहे. त्यांना न विचारता त्यातले शत्रू करायचे नाहीत, असे मुलीनेच सांगून टाकले.

या देशाने १९९९ च्या प्राणी कल्याण कायद्यात गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांच्यावरील प्रयोगांना वेगळी बंधने घातली आहेत. त्या कपीच्या किंवा त्याच्या प्रजातीच्या हितासाठी असेल तरच परवानगीचा विचार होतो. ज्या भूमीवर हे प्राणी मूळचे कधी नव्हतेच, तिने हे केले. मुलांना हे सांगितल्यावर साडूंच्या मुलाने पहिल्यांदा वही उघडली. त्याने ओरांगउटान निवडला. सुमात्रातील राकुस नावाच्या नराने जून २०२२ मध्ये गालावरच्या जखमेला औषधी वेलीची पाने चावून रस लावला आणि वर चोथा थापला, हे वाचून त्याने पत्रकात ‘जखम बरी करणे’ अशी ओळ घातली. बुद्धीच्या रकान्यापाशी मात्र आमचे अजून एकमत नाही. तिथे सध्या पेन्सिलीने ९ आहे.

मुलीला दुसरेच काही हवे होते. मागे भारतात गेलो तेव्हा अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेणीत आम्ही महाकपी जातक पाहिले होते. सांचीच्या पश्चिम तोरणावरही ते कोरलेले आहे. राजाचे धनुर्धारी आंब्याला वेढा घालतात, वानरांचा राजा नदीपार झेप घेतो, वेत तोडून एक टोक झाडाला आणि दुसरे कंबरेला बांधून परततो. मोजताना कंबरेला गुंडाळलेला भाग धरायचा राहून जातो. आम्हा प्रोग्रॅमरांना ही चूक फार ओळखीची. वेत तोकडा पडतो, तेव्हा तो स्वतःच उरलेला पूल होतो आणि ऐंशी हजार वानर त्याच्या पाठीवरून पार जातात. शेवटचा देवदत्त मुद्दाम जोरात उडी घेऊन त्याचे काळीज फोडतो. जातकातला कपी शेपटीचा, हे खरे. पण ओरांगउटानची आई दोन झाडांमधल्या अंतरावर आपले शरीर ताणून पिलाला खरोखरच पलीकडे जाऊ देते. तिथे दोन्ही गोष्टी जुळल्या.

गेल्या शनिवारी मुले दरीच्या काठावर होती. मागे ओगरांची टोळी, पुढे तुटलेला झुलता पूल, आणि मधल्या अंतरावर हात-पाय ताणून लटकलेली एक म्हातारी ओरांगउटान मादी. नियम आम्ही असा ठरवला होता : तिच्या पाठीवरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे तिचे प्राणांक कमी होतील, चिलखत असेल तर ४, नसेल तर १. तिघे पार झाले. साडूंच्या मुलाचा योद्धा शेवटी उरला, लोखंडी चिलखत घातलेला. ते त्याने तीन महिने खेळून मिळवले होते.

“काका, तिचे किती उरलेत?”

“तीन.”

मागून ओगरांचा पहिला भाला आला, तो चुकला. त्याने खोडरबर घेतले आणि आपल्या पत्रकावरची चिलखताची ओळ पुसायला लागला.