जुन्या नादाचें वेड आणि निवडीचा विवेक

विद्यार्थिमित्रहो, आणि ज्यांच्या खिशांतून विद्यार्थ्यांचे छंद चालतात त्या सुज्ञ पालकहो,

गेल्या स्नेहसंमेलनाच्या पंधरा दिवस आधीं दहावीच्या वर्गांतील एक मुलगा माझ्याकडे एक कागद घेऊन आला. त्यावर इलेक्ट्रिक गिटारच्या चार-पांच पिकपांचीं नांवें व किंमती लिहिलेल्या होत्या. "सर, यांतला कोणता घेऊं? मला जुन्या रॉकचा आवाज पाहिजे," असा त्याचा प्रश्न होता. दुसरे दिवशीं त्याचे वडील भेटले. त्यांचा प्रश्न निराळा होता. "सर, गिटार घेऊन दिली, आतां तिच्या पोटांतली वस्तु बदलावयाची म्हणतो. हें खरोखरच लागतें, कीं नुसतें खूळ आहे?" दोघांसहि उत्तर देणें प्राप्त होतें, पण तें उभ्याउभ्यां देण्याजोगें नव्हतें. म्हणून हा लेख.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. जुन्या धर्तीचा हंबकर पिकप हें खूळ नव्हे. त्याच्या नादांत खरोखर गुण आहे, आणि त्या गुणाचें कारण सांगतां येतें. परंतु ज्याला तें कारण कळलें नाहीं त्यानें तो विकत घेऊं नये. कारण मग तो नाद विकत घेत नाहीं, नांव विकत घेतो.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. इलेक्ट्रिक गिटारचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें; तेव्हां तारेचा नाद मोठा करण्याचें काम तेथें विजेकडे असतें. तारांच्या खालीं लोहचुंबक व केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेलें वेटोळें बसवितात. यासच पिकप म्हणतात. वरील पोलादी तार कांपूं लागली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि क्षेत्र हाललें कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें सन १८३१ मध्यें प्रयोगानें दाखविलेला, व तुम्ही पदार्थविज्ञानाच्या तासाला पाठ करितां तो नियम हाच. नायलॉनच्या तारा या गिटारला कां चालत नाहींत, याचें उत्तरहि त्यांतच आहे.

परंतु वेटोळें केवळ तारेचेंच ऐकतें असें नाहीं. भोंवतालच्या दिव्यांचें व यंत्रांचेंहि ऐकतें. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते, अमेरिकेंतील ६० करिते. त्या आवर्तनांची घरघर ध्वनिवर्धकांतून एकसारखी ऐकूं येते. ती घालविण्याचा उपाय अमेरिकेंतील गिब्सन कंपनीचा अभियंता सेथ लव्हर यानें योजिला. सन १९५५ च्या जूनमध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला, व सन १९५९ च्या जुलैमध्यें तें मिळालें. युक्ति अशी कीं, एकाच्या जागीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेवावयाचीं. खालीं एकच आडवा चुंबक असा बसवावयाचा कीं, एका वेटोळ्यास उत्तर ध्रुव व दुसऱ्यास दक्षिण ध्रुव मिळावा. मग दोन्ही वेटोळीं एकमेकांच्या उलट जोडावयाचीं. बाहेरची घरघर दोहोंत सारखीच शिरते. जोडणी उलट असल्यानें ती परस्पर वजा होते. तारेचा नाद मात्र ध्रुवांमुळें एकदां उलटलेला असतो, जोडणीनें पुन्हां उलटतो, आणि त्यामुळें दोहोंची बेरीज होते. ऋणाला ऋणानें गुणिलें असतां धन येतें, हें ज्यांना नीरस वाटतें त्यांनीं एकदां हंबकर ऐकावा! घरघरीशीं झुंजणारा, म्हणून त्याचें हें नांव. त्याच सुमारास रे बट्स नांवाच्या गृहस्थानेंहि ग्रेच कंपनीच्या गिटारींसाठीं स्वतंत्रपणें असाच पिकप सिद्ध केला.

गिब्सनच्या लेस पॉल गिटारीवर हे पिकप सन १९५७ पासून येऊं लागले. त्यांच्या बुडाशीं 'पेटंटसाठीं अर्ज केला आहे' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असे. तिच्या आद्याक्षरांवरून त्यांस 'पीएएफ' म्हणतात. पुढें चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापूं लागले, पण तो या पिकपाचा नव्हताच. तो टेलपीस म्हणजे तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता. आज ज्या चिठ्ठ्यांवरून लोक वस्तूचें मोल ठरवितात, त्या चिठ्ठ्यांचा खरेपणा एवढाच! त्या काळीं या गिटारी अपेक्षेप्रमाणें खपल्या नाहींत, आणि सन १९६१ पर्यंत कंपनीनें त्यांचा आकारच बदलून टाकिला. त्यांस मोल चढलें तें नंतर. सन १९६६ मध्यें एरिक क्लॅप्टन यानें जॉन मेयॉल याच्या मंडळींबरोबर केलेल्या तबकडींत अशीच एक गिटार मार्शल ध्वनिवर्धकांतून मोठ्यानें वाजविली, आणि तो नाद ऐकून पुष्कळांचे कान त्या गिटारीकडे वळले. जिमी पेज, बिली गिबन्स इत्यादि वादकांनीं तो नाद पुढें घरोघरीं नेला.

आतां या जुन्या पिकपांत असें काय होतें? साहित्य साधेंच होतें: ४२ गेजची तांब्याची तार, प्रत्येक वेटोळ्यास सुमारें पांच हजार वेढे, अल्निकोचा म्हणजे लोखंडांत ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळून केलेला चुंबक, आणि वर जर्मन सिल्व्हरचें झांकण. परंतु वेढे मोजून तंतोतंत थांबविण्याची शिस्त त्या वेळीं कडक नव्हती. त्यामुळें कोणत्या वेटोळ्यास वेढे कमी, कोणत्यास जास्त. आणि चुंबक कधीं दुसऱ्या प्रतीचा, कधीं पांचव्या प्रतीचा, जो हातीं येईल तो. दोन वेटोळीं सारखीं नसलीं कीं घरघर संपूर्ण जात नाहीं, पण वरचे स्वर थोडे मोकळे व स्पष्ट निघतात. म्हणजे ज्या गुणासाठीं आज लोक भरमसाट किंमत देतात, त्याचा कांहीं भाग कारखान्याच्या ढिलाईंतून आला आहे. पीटर ग्रीन याच्या गिटारींत तर एका पिकपाचा चुंबकच उलटा बसलेला होता. दोन्ही पिकप एकत्र वाजवितांच जो पोकळ, अनुनासिक नाद निघे, तीच त्याची ओळख झाली. यावरून 'जुनें तें सोनें' असा सिद्धांत काढूं नये. त्याच ढिलाईनें पुष्कळ सामान्य पिकपहि निघाले.

येथें माझीच एक चूक सांगतों. महाविद्यालयांत असतांना शिकवण्या करून मिळविलेल्या पैशांतून मीं एक पिकप घेतला. दुकानदारानें सांगितलें कीं, ज्याचे ओहम अधिक त्याचा जोर अधिक. म्हणून मीं सर्वांत मोठा आंकडा निवडला. परिणाम असा झाला कीं, सहा तारा एकत्र छेडल्या असतां नादाचा नुसता चिखल होई; कोणती तार कोठें आहे तें कळेना. वाजविणारा मीच असल्यानें बोल लावावयास दुसरें कोणी नव्हतें. पुढें कळलें कीं, ओहम म्हणजे केवळ तारेचा विरोध. वेढे तितकेच ठेवून तार एक गेजनें बारीक घेतली तरी विरोध सुमारें चौथ्या हिश्शानें वाढतो; नादाचा जोर त्या मानानें वाढत नाहीं. शिवाय तांब्याचा विरोध उष्णतेनेंहि वाढतो, अंशागणिक शेंकडा ०.४ च्या सुमारास. पुण्याच्या थंडींत १५ अंशांवर ८,००० ओहम दाखविणारा पिकप चैत्रांतल्या दुपारीं ३५ अंशांवर सुमारें ८,६०० दाखवील. पिकप तोच, नाद तोच! मग जाहिरातींतील दशांशांवरून भांडणाऱ्यांस काय म्हणावें?

तेव्हां निवड कशी करावी? माझा सल्ला असा. जुन्या रॉकचा नाद पाहिजे असेल तर मध्यम जोराचा पिकप घ्यावा. जुन्या नमुन्यांचा विरोध बहुधा ७,००० ते ९,००० ओहमांच्या दरम्यान असे, तितका पुरे. कारण त्या नादांतला कर्कश गोडवा पिकप एकटा उत्पन्न करीत नाहीं; व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक त्याच्या शक्तीच्या सीमेवर चालविला म्हणजे तो उत्पन्न होतो. पिकपाचें काम ध्वनिवर्धकाला स्पष्ट बातमी पोंचविणें. आरडाओरडा करणें नव्हे. मध्यम पिकपाचा आणखी एक गुण म्हणजे, गिटारवरील आवाजाचें बटण थोडें मागें घेतलें कीं नाद निवळतो, आणि बोटांचा हलकेपणा अगर जोर ऐकणाऱ्यास कळतो. चुंबकांत दुसऱ्या प्रतीचा अल्निको मऊ व गोल बोलतो, पांचवा अधिक ठसठशीत. ज्याचा ध्वनिवर्धक मुळांतच तीक्ष्ण आहे त्यानें दुसरा घ्यावा. ज्याचा मंद आहे त्यानें पांचवा.

एका बाबतींत जुन्याच्या भक्तांशीं माझा मतभेद आहे. मूळचे पिकप मेणांत बुडविलेले नसत. म्हणून तसेच घ्यावेत, असा त्यांचा आग्रह असतो. मेण नसलें कीं वेटोळ्याची तार व झांकण सूक्ष्म कांपतें, आणि त्यानें नादांत थोडा जिवंतपणा येतो हें खरें. पण मोठ्या आवाजांत तोच पिकप शीळ घालूं लागतो. आपल्या सभागृहांत, जेथें ध्वनिवर्धक वादकाच्या पाठीशीं दोन हातांवर असतो, तेथें थोडें मेण दिलेला पिकपच शहाणपणाचा. तसेंच मुद्दाम ओरखाडून, डाग पाडून जुनें केलेलें झांकण मिळतें. त्यासाठीं एक पैहि अधिक देऊं नये. ओरखडे ऐकूं येत नाहींत.

आतां वडिलांच्या प्रश्नाकडे येतों. पिकप ही शेवटची खरेदी असावी, पहिली नव्हे. गंजलेल्या तारा कोणत्याहि पिकपाखालीं मृतच वाजतात. पावसाळ्यांत तर त्या फार लवकर मरतात. पिकप तारांच्या अति जवळ असेल तर नाद घट्ट व चेपलेला होतो, फार दूर असेल तर दुबळा. तार शेवटच्या पडद्यावर दाबून दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवावें, आणि पुढें कानानें ठरवावें. याला एक स्क्रूड्रायव्हर व थोडा धीर एवढाच खर्च येतो. आवाजाच्या बटणाखालील पोटेन्शिओमीटर पांच लाख ओहमांचा आहे कीं कमी, तें पाहावें. कमी असल्यास वरचे स्वर गिळले जातात. लांबलचक केबलहि तेंच करिते. भिंतींतील विजेची अर्थिंग नीट आहे कीं नाहीं, हें तर सर्वांआधीं पाहावें. तो नादाचा प्रश्न नसून जिवाचा आहे.

त्या मुलाला मीं कागद परत दिला आणि शनिवारीं गिटार घेऊन बोलाविलें. आम्हीं तारा बदलल्या, पिकप खालीं घेतला, केबल आंखूड लाविली. तो अर्धा तास कांहीं न बोलतां वाजवीत बसला. मग म्हणाला, "सर, हा तर बराच जवळ आला." मीं म्हटलें, "आतां सांग, काय कमी आहे?" त्यानें विचार करून उत्तर दिलें कीं, खालच्या तारा अजून थोड्या धूसर वाजतात. हें उत्तर ऐकून मला आनंद झाला. कारण पंधरा दिवसांपूर्वीं तो नांवें सांगत होता, आतां नाद सांगत होता. परीक्षेनंतर त्यानें आपल्या सांठविलेल्या पैशांतून एक मध्यम जोराचा पिकप घेतला. तो कागदावरील यादींत नव्हता, आणि यादींतल्या सर्वांहून स्वस्त होता.

पालकहो, मुलानें अशी मागणी केली तर लगेच 'नाहीं' म्हणूं नका, आणि लगेच पैसेहि देऊं नका. "तुझ्या गिटारींत काय कमी आहे, तें मला ऐकव," एवढेंच म्हणा. त्याला ऐकवितां आलें तर त्याची मागणी खरी आहे. ऐकवितां आलें नाहीं तर तो आधीं ऐकावयास शिकेल, आणि त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. विद्यार्थिमित्रहो, जगांत पुढें पुष्कळ वस्तु तुमच्यापुढें मोठमोठ्या नांवांनीं व आंकड्यांनीं मांडल्या जातील. त्या प्रत्येक वेळीं आपला कान जागा ठेवा.