कौतुक नको, कामावर परतण्याचा हक्क द्या

कर्करोगातून उठून कामावर रुजू झालेल्या माणसाची कहाणी वर्तमानपत्रे मोठ्या कौतुकाने छापतात. तिच्यात त्याची जिद्द असते, कुटुंबाची साथ असते, डॉक्टरांचे ऋण असते. उपचार चालू असताना त्याची नोकरी कोणत्या नियमाने राखली गेली, एवढाच तपशील गाळलेला असतो. तो गाळला की हक्काचा प्रश्न मनोबलाचा होऊन बसतो आणि ज्याला परतता आले नाही तो आपोआप दुबळा ठरतो.

वास्तविक उपचार संपले म्हणजे शरीर पूर्ववत झाले असे होत नाही. केमोथेरपीनंतर हातापायांच्या बोटांची बधिरता कित्येक महिने टिकू शकते. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या स्त्रीचे पोट त्याच बोटांवर असते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या, तर तो हात सुजण्याचा धोका पुढे कायम राहतो. बांधकामावर पाटी उचलणारीने मग कोणत्या जिद्दीवर विसंबावे?

कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेने कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के भत्ता, कमाल दोन वर्षांपर्यंत, देऊ केला. परंतु २०१७ मध्ये ठरलेल्या २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपलीकडचा नोकरदार आणि असंघटित श्रमिकांचा अफाट समुदाय तिच्या बाहेरच राहिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगार-कपातीच्या व्याख्येतून तर सततच्या आजारपणामुळे केलेली सेवासमाप्ती स्पष्टपणे वगळली होती. म्हणजे ज्याला भरपाईची सर्वाधिक गरज, त्यालाच कपातीची भरपाई नाही! सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये, योग्य पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, हे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे बंधन केवळ सरकारी आस्थापनांवर आहे. शिवाय कर्करोग स्वतः त्या कायद्याच्या यादीत नाही.

ब्रिटन हे काही समाजवादी राष्ट्र नव्हे. तरीही तेथील २०१० चा समता कायदा निदानाच्या दिवसापासून कर्करुग्णाला अपंगत्वाचे संरक्षण देतो आणि कामाचे स्वरूप व वेळा यांत वाजवी फेरबदल करण्याची जबाबदारी मालकावर टाकतो.

छोट्या कारखानदाराला हा भार कसा पेलणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. पण त्याचे उत्तर विमा योजनेच्या मूळ तत्त्वातच आहे. एकाची आपत्ती सर्वांच्या वर्गणीतून वाटून घ्यावयाची असते. आज ती आपत्ती कोणीच सोसत नाही असे थोडेच आहे? पत्नीचे दागिने, मुलीचे शिक्षण आणि सावकाराचे व्याज या रूपांत ती कामगाराचे घर सोसते. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले. बुडालेल्या मजुरीसाठी मात्र एक रुपयाही दिला नाही. समाजाने खर्च करून माणूस वाचवावा आणि बाजाराने त्याला टाकाऊ ठरवावे, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

म्हणून कामगार संघटनांनी पुढील प्रत्येक वेतनकरारात तीन कलमांचा आग्रह धरला पाहिजे : उपचारकाळात नोकरीची हमी, परतल्यावर टप्प्याटप्प्याने वाढणारे कामाचे तास आणि त्याच वेतनावर झेपेल असे काम. असंघटितांसाठी बुडीत मजुरीची तरतूद शासनाकडून मिळवणे हेही त्याच लढ्याचे अंग आहे. ज्यांच्याजवळ संघटना आहे त्यांनी ज्यांच्याजवळ ती नाही त्यांच्यासाठी प्रथम उभे राहावे.