सरावाचे काडतूस

आमच्या कामरेजच्या घरी दिवाळीत पाहुण्यांचा राबता असतो. बडोदे संस्थानाच्या काळी हा मुलूख नवसारी प्रांतात मोडत असे. त्या दिवसांत कारकुनीच्या निमित्ताने इकडे आलेली आमच्यासारखी काही घराणी तापीकाठी कायमची राहिली. पुढची पिढी मात्र पांगली. टेक्सासमध्ये स्थायिक झालेला माझा पुतण्या गेल्या दिवाळीत सहकुटुंब आला होता. त्याच्या येण्याने घरात एक प्रश्न उभा राहिला, आणि त्या प्रश्नाने मला बरेच काही शिकविले. या महिन्याचे हे टिपण त्याच विषयावर आहे.

माझी नात सतरा वर्षांची आहे. दोन वर्षे छऱ्याच्या रायफलीवर हात बसल्यावर ती आता सुरतेतील एका रेंजवर ५० मीटरच्या प्रकाराचा सराव करते. त्या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्या सुमारास तिच्या गोळ्या विखुरू लागल्या होत्या आणि मुलगी हिरमुसली होती. तिच्या मते दोष काडतुसांचा होता. पुतण्याने ते ऐकले आणि तो म्हणाला, "काका, मी तिकडे माझी काडतुसे घरीच भरतो. पुढच्या खेपेस हिच्यासाठी डाय आणि दारू घेऊन येतो. मग विकतच्या मालावर अवलंबून राहायला नको." नातीचा चेहरा उजळला. "मला आधी समजावून सांग, मग पाहू," असे मी म्हणालो.

त्याने सांगितलेले मी येथे थोडक्यात मांडतो, कारण त्यातील विचार मोलाचा आहे. काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडातील टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाल्यावर पुंगळी फुगून रायफलीच्या घरात घट्ट बसते. तीच पुन्हा वापरावयाची तर तिला मूळ मापावर आणावे लागते. ते काम डाय करतो. सुरतेच्या वाचकांना डाय म्हणजे काय हे सांगावयास नको. जरीची तार ज्यातून ओढून बारीक करतात त्याचाच हा भाऊबंद. प्रेसच्या दांडीने पुंगळी डायमध्ये दाबली, की ती आवळली जाते.

डाय निवडताना दोन मार्ग असतात. एक डाय केवळ पुंगळीचा गळा आवळतो, तर दुसरा तिचे सारे अंग. पहिल्याने पितळ कमी थकते, पण काही खेपांनंतर पुंगळी घरात अडकू लागते. म्हणून सरावासाठी पुतण्या सर्वांग आवळणारा डाय पसंत करतो. मात्र खांदा मागे सारावयाचा तो जेमतेम ०.०५ मिलिमीटर. त्याहून अधिक सारला, तर पुंगळी दर बाराला ताणली जाऊन बुडाजवळ फाटू शकते. गोळी किती खोल बसवावयाची हे ठरविणारा डाय निराळा असतो. त्यावर सूक्ष्ममापकासारखे चाक असले, तर माप पुन्हापुन्हा तेच येते.

दारूची गोष्ट अधिक नाजूक आहे. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू सिद्ध केली. आज रायफलीत वापरतात ती तिच्याच कुळातली. तिच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या वेगाने जळतात. पिस्तुलाची दारू झटकन जळते, लांब नळीच्या रायफलीची सावकाश. पिस्तुलाची दारू चुकून रायफलीच्या काडतुसात पडली, तर रायफल फुटून नेमबाजाचा जीवही जाऊ शकतो. पुतण्या दारू निवडताना चार गोष्टी पाहतो. पहिली, ती आपल्या काडतुसासाठी कारखान्याच्या छापील कोष्टकात दिलेली असावी. दुसरी, तिने पुंगळी जवळजवळ भरावी, म्हणजे चुकून दोनदा ओतली तर ती सांडेल आणि चूक डोळ्यांना दिसेल. तिसरी, उन्हाळ्या-हिवाळ्याने तिच्या वेगात फारसा फरक पडू नये. चौथी, वर्षभर पुरेल इतकी ती एकाच लॉटची मिळावी. गोल कणांची दारू मापातून सारखी पडते, कांडीच्या आकाराची तितकी नाही. उलट कांडीच्या काही जाती उन्हाथंडीला अधिक दाद देत नाहीत. म्हणून सामन्यासाठी कांडीची दारू तोलून घ्यावयाची आणि सरावासाठी मापाने पडणारी, असे काहीजण करतात. तोलण्याचे माप ग्रेन. आपल्या हिऱ्याच्या बाजारातील एका कॅरेटमध्ये तीन ग्रेनहून थोडे अधिक भरतात, आणि दारू तोलताना ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत पाहतात.

मी विचारले, "तुझ्या हातून कधी चूक झाली?" तो क्षणभर थांबला. एकदा रात्री दोन डबे टेबलावर राहिले आणि एकीतली उरलेली दारू दुसऱ्या जातीच्या डब्यात गेली. वेळीच ध्यानात आले म्हणून निभावले. सगळा डबा त्याने नष्ट केला. तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि भरताना कोणाशी बोलणे नाही, असा त्याचा नेम आहे. ते ऐकून त्याच्याविषयीचा माझा आदर वाढला आणि माझा निर्णयही झाला.

मी नातीला जवळ बसविले. म्हटले, "बाळ, यात दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसांचे सुटे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. काकाच्या टेबलावरची प्रेस आणि डाय तिकडे छंदाचे सामान असेल, पण येथे परवान्यावाचून घरात ठेवणे म्हणजे आपण होऊन गुन्हा ओढवून घेणे. दारू आणि टोप्या तर प्रवासी विमानात नेताच येत नाहीत. दुसरी अडचण त्याहून साधी. तुझ्या रायफलीचे काडतूस भरता येणारे नव्हेच."

पुतण्यानेही मान हलविली. ५० मीटरच्या प्रकारातील ५.६ मिलिमीटरच्या काडतुसात निराळी टोपी नसते. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच असते आणि चाप ओढताच तो काठ चेपला जातो. तेव्हा ती पुंगळी एकदाच कामाची. काकाची रायफल मधोमध टोपी असलेल्या काडतुसांची होती. एवढी मोठी चर्चा झाली आणि मूळ गोष्टच कोणी विचारली नव्हती!

नातीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "म्हणजे मी जे मिळेल तेच वापरायचे का, आजोबा?" तेव्हा पुतण्याने जे सांगितले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. "अगं, मी एवढा खटाटोप उत्तम काडतुसासाठी करीत नाही, एकसारख्या काडतुसासाठी करतो. सर्व काडतुसे सारखी असली, की लक्ष्यावर दिसते ती चूक माझी, हे मला निश्चित कळते. ते तुलाही करता येईल."

नामवंत नेमबाज हेच करतात. रायफल घट्ट बसवून एकाच छापाच्या निरनिराळ्या लॉटमधील काडतुसे उडवून पाहतात आणि जो लॉट आपल्या नळीला मानवतो तोच घेतात. एली आणि लापुआ यांच्या चाचणीकेंद्रांत त्यासाठी सोय असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ६०० पैकी ५९७ गुणांनी सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक पटकाविले. दोघांचेही प्रकार ५० मीटरचे आणि याच काठपेटी काडतुसाचे.

आम्ही रेंजच्या प्रशिक्षकांच्या अनुमतीने घरगुती बेताची चाचणी केली. चार लॉटच्या पेट्या घेतल्या. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकविली. लॉट बदलला, की आधीची मेणचट पुटे निघून नव्या लॉटची बसावीत म्हणून दहा बार मोजणीत न धरता उडविले. मग प्रत्येक लॉटचे दहा-दहा बारांचे दोन गट. पाच बारांवर निकाल द्यावयाचा नाही, कारण पाच गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. गटाचे बाहेरून बाहेरपर्यंतचे अंतर मोजून त्यातून गोळीचे ५.६ मिलिमीटर वजा केले. उत्तम लॉटचा गट १५ मिलिमीटरच्या आत आला, वाईटाचा २५ वर गेला. गंमत म्हणजे सर्वांत महाग पेटी तिसऱ्या क्रमांकावर होती. आम्ही पहिल्या लॉटच्या परवडतील तेवढ्या पेट्या परवान्याच्या मर्यादेत घेतल्या, आणि एका वहीत तारीख, लॉट, हवा व गुण लिहू लागलो.

तिचे गुण लगेच वाढले असे मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात ते जवळजवळ तेवढेच राहिले. मात्र वही वाचताना एक गोष्ट उघड झाली : तिच्या वाईट गोळ्या नेहमी वर डावीकडे जात, आणि त्याही शेवटच्या दहा बारांत. म्हणजे श्वास आणि थकवा. दोष काडतुसांचा नव्हता. त्या रात्री ती म्हणाली, "आजोबा, आता गोळीला बोल लावता येत नाही." या वाक्यात तिची निराशा होती, तशीच वाढही होती.

पुतण्या टेक्सासला परत गेला. जाताना त्याने तिला एक लहानसा व्हर्निअर कॅलिपर दिला. तो मात्र कोणत्याही परवान्यावाचून आमच्या घरात आहे, आणि रोज वापरला जातो.